शिवणकाम सांभाळून घरी मुलांना शिकवताना



महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत दोन कामे बहुधा एकाच स्त्रीच्या वाट्याला येतात. पहिले काम लहान मुलांना घरी शिकवण्याचे. बेळगावला कन्नड, बडोद्याला गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, हैदराबादेस तेलुगू आणि उर्दू या भाषा मुलांच्या कानांवर दिवसभर पडत असतात. शाळा मराठी नसली, तर मराठीची अक्षरओळख घरीच करून द्यावी लागते. दुसरे काम सुईदोऱ्याचे. झबली-टोपरी, गोधड्या, भरतकाम, क्रोशाचे रुमाल असे काही ना काही शिवून-विणून संसाराला हातभार लावणाऱ्या स्त्रिया आपल्यात पुष्कळ आहेत. ही दोन्ही कामे एकाच खोलीत, एकाच वेळी आणि त्याच दोन हातांनी करायची असतात. ती एकमेकांच्या आड न येता कशी करावीत, याविषयी मी आज चार शब्द सांगणार आहे.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आला. तेव्हा मी ज्या शिक्षणाविषयी बोलत आहे, ते शाळेऐवजी द्यावयाचे शिक्षण नव्हे. सहा वर्षांच्या आतील मुलांना घरी जे शिकवायचे आणि पुढे शाळेच्या जोडीला जे चालू ठेवायचे, तेवढ्यापुरतेच माझे बोलणे आहे.

मी व्यवसायाने शिक्षिका. माझा धाकटा मुलगा 2014 साली झाला, तेव्हा चार वर्षे मी नोकरी सोडून घरी राहिले आणि बाप्तिस्म्याचे झगे, लहान मुलींचे फ्रॉक, क्रोशाची झालर लावलेली टेबलपोसे अशी कामे घेऊ लागले. थोरली मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. शिकवणे हा तर माझा रोजचा धंदा. तेव्हा घरी दोन मुलांना शिकवणे ते काय अवघड, अशी माझी समजूत होती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नाताळ चार दिवसांवर आला असता, एका झग्याचे काम माझ्या हाती होते. पाळण्यात धाकटा निजला होता आणि मुलगी पाटीवर अक्षरे काढीत होती. एक अक्षर झाले की ती विचारी, “आई, बघ ना!” मी मान वर न करता म्हणे, “थांब हं.” दोन तासांनी मी मशीनवरून उठले, तेव्हा पाटी पुसलेली होती आणि जमिनीवर माझ्या डब्यातील बटणांची एक ओळ मांडलेली होती. मी कौतुकाने विचारले, “हे काय गं?” ती म्हणाली, “तू ‘थांब’ म्हणालीस की मी एक बटण ठेवत होते.” मी मोजली. अकरा बटणे होती. मोजणे मीच तिला त्या बटणांवर शिकवले होते.

झगा वेळेवर गेला आणि त्याचे पैसेही आले. परंतु पुढे आठवडाभर तिने पाटी हाती घेतली नाही, आणि मशीनचा आवाज सुरू झाला की ती उठून आजीकडे जाऊन बसे. मुलाला अक्षराचा कंटाळा आला तर तो घालवता येतो; परंतु आईच्या कामाचाच त्याला राग येऊ लागला, तर पुढे आईने हाती काही धरून शिकवावे ही वाटच बंद होते. म्हणून मी शांतपणे बसून चूक कुठे झाली याचा विचार केला.

माझ्या ध्यानात आले ते असे. शिवणकाम हे एक काम नव्हे. त्यात दोन जातींची कामे असतात. काही कामे मध्येच सोडता येतात, काही येत नाहीत. कापड बेतणे, मशीनवर लांब टीप मारणे, काज करणे, इस्त्री करणे आणि धागे मोजून करायचे भरतकाम ही न सोडता येणारी कामे. कात्री कापडात अर्धी गेली असता कोणी हाक मारली, तर कापड तरी बिघडते किंवा हाक मारणाऱ्यावर आपण ओरडतो तरी. याउलट तुरपाई, बटणे व हुक लावणे, गोधडीचा धावदोरा, उसवणे ही कामे कोणत्याही टाक्यावर थांबवता येतात. क्रोशाचे कामही यातच धरावे. फक्त खाली ठेवताना शेवटच्या फासात एक सेफ्टी पिन अडकवावी, म्हणजे ते उसवत नाही.

ही वाटणी एकदा कागदावर मांडली की निम्मे काम झाले. न सोडता येणारी कामे मुले निजल्यावर किंवा घरातील दुसरे कोणी त्यांना सांभाळत असेल त्या वेळी करावीत. सोडता येणारी कामे मुलांजवळ बसून करावीत. माझी चूक एवढीच होती की, मी पहिल्या जातीचे काम दुसऱ्या जातीच्या वेळी करीत बसले होते.

मुलांच्या अभ्यासातही अशाच दोन जाती आहेत. नवीन काही शिकवायचे असते, तेव्हा आईचे डोळे आणि हात दोन्ही मोकळे हवेत. चार-पाच वर्षांच्या मुलाचे मन दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ एका गोष्टीवर ठरत नाही. म्हणून हा पाठ लहान असावा आणि सकाळी, मूल ताजेतवाने असताना घ्यावा. त्या पंधरा मिनिटांत मांडीवर कापड नसावे. त्यानंतर मूल शिकलेले गिरवते, चित्र काढते, मणी ओवते. हे त्याचे काम असते. तेथे आपण जवळ असणे पुरे. अशा वेळी हाती तुरपाई घ्यावी. मुलाने “बघ” म्हटले की सुई कापडात खोचून खरोखर बघावे. तुरपाई थांबवण्यास एक क्षण लागतो, आणि या एका क्षणासाठीच तर आपण ते काम निवडलेले असते.

आता पैशाचा विचार. शिवणाऱ्या स्त्रीची खरी अडचण मुलांपेक्षा तिने कबूल केलेल्या तारखेत असते. समजा, एका फ्रॉकला अठरा तास लागतात आणि त्यांपैकी आठ तासांचे काम न सोडता येणारे आहे. घरात आपल्याला असा निर्वेध वेळ दिवसाला एकच तास मिळत असेल, तर त्या फ्रॉकला आठ दिवस लागणार. उरलेले दहा तास मुलांजवळ बसून त्याच आठ दिवसांत निघतील. परंतु आपण अठरा तास मनात धरतो आणि “चार दिवसांत देते” असे सांगून मोकळ्या होतो. मग ते चार दिवस मुलाच्या वेळेतून कापून काढावे लागतात. म्हणून तारीख सांगताना एकूण तास न मोजता निर्वेध तास मोजावेत, आणि त्यावर दोन दिवस मुलाच्या ताप-खोकल्यासाठी धरावेत. सणासुदीच्या आधी एखादे काम नाकारावे लागते. मी त्यानंतरच्या नाताळात दोन झगे नाकारले. तोटा झाला, हे मी लपवीत नाही. परंतु तो किती झाला हे मला आधी ठाऊक होते.

येथवर दोन कामे एकमेकांपासून वेगळी कशी ठेवावीत हे सांगितले. परंतु सुईदोरा हा स्वतःच एक चांगला शिक्षक आहे, हेही विसरता कामा नये. जर्मनीत फ्रोबेलने 1837 साली ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाची संस्था काढली. त्याच्या पद्धतीत भोके पाडलेल्या पुठ्ठ्यावर दोऱ्याने आकृती शिवणे हा मुलांचा एक उद्योग होता. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह 1907 साली रोममध्ये निघाले. त्यांनी बटणे, हुक आणि नाड्या लावलेल्या कापडी चौकटी मुलांच्या हाती दिल्या. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केले, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे 1945 पासून बोर्डीला शिंपले, खडे, पाने अशी भोवतालचीच साधने घेऊन आदिवासी मुलांना शिकवले. तात्पर्य, महागडी साधने नसली तरी चालते. शिवणाऱ्या आईचा डबा हे आयते साधन आहे.

त्याचा क्रम असा ठेवावा. चौथ्या वर्षी मोठी बटणे रंगाने, आकाराने आणि भोकांच्या संख्येने निवडायला द्यावीत. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे. त्यानंतर पुठ्ठ्याला भोके पाडून बुटाची नाडी ओवायला द्यावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास जाड्याभरड्या कापडावर बोथट सुईने धावदोरा घालता येतो. मापाची फीत तर गणिताचे पुस्तकच आहे. तिच्या एका बाजूला 60 इंच आणि दुसऱ्या बाजूला सुमारे 150 सेंटिमीटर असतात. बाहुलीच्या झग्याचे माप घेताना मूल मोठी संख्या, लहान संख्या, निम्मे, दुप्पट हे सर्व सहज शिकते.

आमच्या सीमाभागाला कसुतीची देणगी आहे. धारवाडकडच्या या भरतकामात कापडावर नक्षी छापून घेत नाहीत; ताणा-बाण्याचे धागे मोजूनच टाके घालतात. त्यातील गावंती टाका म्हणजे एकदा धावदोरा घालीत पुढे जायचे आणि परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. सात-आठ वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला मॅटीच्या कापडावर त्याची एक सरळ ओळ घालता येते. एक धागा चुकला की परतीची वाट जुळत नाही, आणि चूक कोठे झाली हे मुलाला स्वतःलाच कळते. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी स्त्रियांची कवंदी अशीच पाहण्याजोगी आहे. जुन्या कपड्यांचे तुकडे काठापासून लावीत त्या मध्याकडे येतात. असे काम दाखवताना मुलाला फार काही सांगावे लागत नाही. ते स्वतःच विचारते.

भाषेचा लाभही मोठा आहे. धावदोरा, टीप, तुरपाई, काज, ठिगळ, चिंधी हे शब्द शाळेच्या इंग्रजी पुस्तकात येणार नाहीत. हाती ठिगळ घेतलेले मूल आभाळाला ठिगळ लावणे म्हणजे काय, हे न समजावता जाणते. शिवताना आपण मराठीत बोलत राहिलो, तर महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाला शब्दांचे एक घरगुती भांडार मिळते, आणि पुढे तेच शब्द वाचताना ते अडखळत नाही.

मात्र येथे एक मर्यादा पाळली पाहिजे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना पुढे आली. तिचा तपशील ठरवणाऱ्या डॉ. झाकिर हुसेन समितीनेच आपल्या अहवालात सावध केले होते की, उत्पन्नाच्या बाजूवर भर देण्याच्या नादात शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका आहे. घरालाही हे तितकेच लागू आहे. मुलाचा टाका गिऱ्हाइकाच्या कापडावर पडता कामा नये. त्याचे कापड वेगळे, सुई वेगळी आणि त्याच्या वाकड्या ओळीला कोणाचा कौल लागणार नाही अशी व्यवस्था असावी. ती ओळ आपण उसवून नीट करू नये. पुढची ओळ ते स्वतःच सरळ घालील. “लवकर कर, मला द्यायचे आहे” हे शब्द मुलाच्या कामाविषयी निघाले, की तो अभ्यास राहिला नाही असे समजावे.

सुरक्षिततेच्या चार गोष्टी सांगून टाकते. सुया मोजून काढाव्यात आणि मोजून ठेवाव्यात; एक लोहचुंबक डब्यात असावा. तीन वर्षांच्या आतील मूल घरात असेल, तर बटणे आणि मणी त्याच्या हाती लागू देऊ नयेत, कारण ते तोंडात जातात. कात्री व इस्त्री उंचावर ठेवावी. पायमशीन वापरात नसताना तिचा पट्टा चाकावरून उतरवून ठेवावा.

मार्च 2020 पासून शाळा बंद झाल्या, तेव्हा धाकटा पाच-सहा वर्षांचा होता. मी पुन्हा नोकरीवर होते, वर्ग फोनवरून घ्यावे लागत होते आणि शेजारपाजारच्या लोकांसाठी कापडी मास्कही शिवत होते. त्या दिवसांत ही वाटणी फार उपयोगी पडली. मास्क पहाटे बेतून ठेवी, टीप मुले उठण्यापूर्वी मारी आणि नाड्या धाकट्याजवळ बसून लावी. तो शेजारी बाराखडी लिही. सगळे दिवस सुरळीत गेले असे नाही. काही दिवशी ना अभ्यास झाला, ना शिवण. परंतु कोणते काम का राहिले, हे मला कळत होते, आणि दुसऱ्या दिवशी ते सुधारता येत होते.

तेव्हा भगिनींनो, आज रात्री आपल्या हातातील कामाची एक यादी करा. त्यात सोडता येण्याजोगे काय आणि न सोडता येण्याजोगे काय, हे दोन रकान्यांत लिहा. उद्या सकाळी मुलाजवळ बसताना पहिल्या रकान्यातील काम हाती घ्या. आणि दिवसातून आपण किती वेळा “थांब” म्हणतो, हे एकदा मोजून पाहा. ती अकरा बटणे मी एका दोऱ्यात ओवून शिवणाच्या डब्यात ठेवली आहेत. मुलगी आता मोठी झाली. स्वतःचे कपडे स्वतः दुरुस्त करते आणि आजीला मराठीत पत्र लिहिते. कधी डबा उघडला तर ती माळ बघून हसते, आणि मीही तिच्याबरोबर हसते.