दमा, न्यूमोकोकस आणि २.४ हा आकडा

व्हायरल सर्दी झाली की दमा उसळतो, हे तुम्हाला माहीत असेलच. आता उलटा प्रश्न विचारून बघा: दमा असलेल्यांना जिवाणूंचा गंभीर संसर्ग जास्त होतो का?

२००५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये यावर एक केस-कंट्रोल अभ्यास आला. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले, सरकारी आरोग्य योजनेतले २ ते ४९ वर्षांचे लोक त्यात होते. केस म्हणजे न्यूमोकोकस हा जिवाणू रक्तासारख्या, एरवी जंतू नसणाऱ्या जागी सापडलेले ६३५ जण. त्यांच्याशी तुलना करायला ६,३५० कंट्रोल. दमा होता अनुक्रमे ११४ आणि ५१६ जणांना.

आता वही घ्या. केसमध्ये दमा असलेले ११४, नसलेले ५२१, भागाकार ०.२१९. कंट्रोलमध्ये ५१६ आणि ५,८३४, भागाकार ०.०८८. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की सुमारे २.५ येतात. हाच ऑड्स रेशो. इतर घटक हिशेबात धरल्यावर संशोधकांना तो २.४ मिळाला.

आकडा मोठा वाटतो ना? मग मूळ प्रमाणही बघा. इतर धोक्याचे आजार नसलेल्यांत हा संसर्ग वर्षाला दर १०,००० लोकांमागे असा होता: दमा नसेल तर १.२, कमी जोखमीचा दमा असेल तर २.३ आणि जास्त जोखमीचा असेल तर ४.२. धोका वाढतो हे खरं, पण मुळात तो लहानच आहे.

खरी मेख पुढेच आहे. ‘जास्त जोखमीचा’ दमा ठरवायच्या निकषांत इस्पितळात दाखल होणं होतं, तसंच तोंडावाटे बराच काळ स्टेरॉईड घेणंही होतं. स्टेरॉईडमुळे प्रतिकारशक्ती दबते. मग धोका कशाने वाढला? श्वासनळीतल्या सुजेने आणि चिकट कफाने, की औषधाने? औषध मुळात आजार बळावलेल्यांनाच मिळतं, त्यामुळे दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. नुसत्या ४.२ वरून ते सुटे करता येत नाहीत. म्हणून हा आकडा दाखवून कुणाला ‘स्टेरॉईड बंद करा’ असं सांगणं चुकीचं, आणि दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकणारं.

लस कुणाला द्यायची, हे ठरवायला मात्र कारण सुटं करायची गरज नव्हती. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने २००८ मध्ये दमा असलेल्या प्रौढांना न्यूमोकोकसच्या लसीच्या यादीत घेतलं.

तेव्हा पेपर हातात आला की निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडा. गट कसे पाडलेत ते बघा, आणि मग ठरवा, हा आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि कुठल्या प्रश्नाचं नाही.