दोन केमोंच्या मधले दिवस

केमोनंतर आठवडा-दीड आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत ताप १०१ वर गेला, तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीकडच्या एखाद्या गावात हाच ताप रात्री नऊला चढला, की घरचे पॅरासिटामॉल देतात, कपाळावर ओल्या घड्या ठेवतात आणि सकाळच्या गाडीची वाट बघतात. ताप उतरतो, पण संसर्ग आत वाढतच असतो.

गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ साली आलं. तरी कॅन्सर झालेल्या पोरांना नागपूर गाठावं लागतं, नाहीतर विदर्भ एक्स्प्रेसनं थेट मुंबईत परळचं टाटा रुग्णालय. उपचाराला जाताना रेल्वे रुग्णाला स्लीपरचं भाडं माफ करते, सोबतच्याला ७५ टक्के सवलत देते. प्रवासाचं असं कसंबसं भागतं. घरी काढायच्या दिवसांचं काय?

त्या दिवसांसाठी मोबाइलवरची साधनं निघाली आहेत. टोरांटोच्या ‘सिककिड्स’ रुग्णालयाच्या ‘पेन स्क्वॉड’मध्ये मूल पोलीस पथकात भरती होतं आणि दुखण्याच्या नोंदी करत गेलं की त्याला बढती मिळते. तिथलीच ‘एसएसपेडी’ ही प्रश्नावली ८ ते १८ वर्षांच्या मुलांना १५ त्रास विचारते. त्यात तोंड येणं, हातापायांना मुंग्या, बद्धकोष्ठ आहेच, शिवाय चिडचिड, भीती आणि ‘चेहरा वेगळा दिसतो का’ हेही आहे. हे शेवटचं फार नेमकं. स्टेरॉइडनं तोंड सुजलेला सोळा वर्षांचा पोरगा ओपीडीत बापासमोर ‘बरं आहे’ एवढंच म्हणणार. त्यात दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, मंडया आणि त्यातली रात्रीची नाटकं सुरू झाली, की ताप सांगणं म्हणजे नाटक हुकणं.

न्यूयॉर्कमध्ये कॅन्सरच्या ७६६ प्रौढ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली आले. स्वतःचे त्रास ऑनलाइन कळवणाऱ्यांपैकी निम्मे ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, इतरांपैकी निम्मे २६ महिन्यांहून. तिथे त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा. सगळं गुपित त्या ईमेलमध्ये आहे, असं मला वाटतं. मुलांवरची मोठी चाचणी २०२४ची, अमेरिकेतल्या २० केंद्रांवर ४४५ मुलांची. आठवड्यातून तीनदा विचारपूस केल्यानं त्रास कमी झाला, पण तातडीच्या विभागातल्या फेऱ्या वाढल्या. बोलतं केलेलं मूल दवाखान्यात येणारच, आणि यायलाही हवं.

गोंदियात ही फेरी कुठे संपणार? ॲप मराठीत, हिंदीत, पोवारीत, गोंडीत करता येईल. रेंज नसताना नोंद साठवून ठेवणंही अवघड नाही. त्याआधी पोराच्या फाइलमध्ये एक सही-शिक्क्याचा कागद हवा: ताप आल्यास कोणतं इंजेक्शन, किती डोस, आणि नागपूरच्या कोणत्या नंबरवर फोन करायचा. तो वाचून जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला पहिला डोस देता येईल. आणि मोबाइलवरून आलेली नोंद रात्री दहाला उघडून बघणारी नर्स कोणत्या रुग्णालयाच्या पगारपत्रकावर असेल, तेही तेव्हाच ठरवावं लागेल.