तापट माशाला सोबती कोण?

अलीकडे आमच्या बेळगाव-निपाणी भागातील खेड्यांतही काचेची मत्स्यपेटी दिसू लागली आहे. बेळगावास कामानिमित्त गेलेला बाप परतताना पाण्याने फुगलेली पिशवी आणि तीत चारदोन रंगीत मासे घेऊन येतो. मग संध्याकाळची जपमाळ संपली की मुले त्या पेटीपुढून हलत नाहीत. छंद निर्मळ आहे, स्वस्तही आहे. परंतु त्याला एक जबाबदारी चिकटलेली असते. ती पेटी घेताना आम्हांस कोणी सांगितली नव्हती; म्हणून वाचकांस सांगण्याचे योजिले आहे.

आमच्या पहिल्या पेटीत आम्ही सहा गप्पी सोडले आणि त्यांच्या सोबतीला तांबूस ठिपक्यांचा एक करडा मासा. तो जेमतेम दोन इंचांचा होता आणि त्याचे नाव ऑस्कर. दिसावयास इतका गरीब की मुले त्याला हाताने घास भरवीत. पुढे गप्पी एक-एक करून नाहीसे झाले आणि ऑस्कर मात्र अंगाने भरला. घरची धाकटी रडत आजीकडे गेली. “आजी, ऑस्करने पाप केलं का गं?” आजी म्हणाली, “नाही गं बाळ, त्याला पाप ठाऊकच नाही. चुकलं ते आपलं. मांजरापुढं उंदीर आपणच नेऊन ठेवले.”

आजीचे म्हणणे खरे होते. ऑस्कर हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीचा मासा. तो वाढून सुमारे एक फुटाचा होतो आणि तोंडात मावेल तो जीव गिळतो. तेव्हा पहिला नियम असा, की मासा आज केवढा आहे हे न पाहता तो उद्या केवढा होईल हे विचारावे आणि सोबती त्याच्या तोलाचा निवडावा.

खरे पाहता ही विद्या आमच्या शेतकऱ्यास नवी नाही. तळ्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडण्यापूर्वी तो मरळ काढून टाकतो. नाहीतर सारे बीज तिच्या पोटात जावयाचे. उलट हे तिघे एकाच तळ्यात सुखाने नांदतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. एकाचे ताट दुसऱ्यापुढे येत नाही. पेटीतही हेच सूत्र धरावे. एक मासा तळाचा धनी असेल, तर सोबती वरच्या पाण्यात वावरणारा असावा.

मासा तापट का होतो, हेही समजून घेतले पाहिजे. दूधगंगा-वेदगंगेच्या संथ डोहात पिलांच्या थव्यावर पहारा देणारी मरळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे सांगणे नलगे. तिचा राग पिलांसाठी असतो. ऑस्करच्या कुळातील बहुतेक मासे असेच घर आणि संसार राखतात. म्हणून पेटीत दगड, मुळे, फुटके मडके अशा रीतीने मांडावे की प्रत्येकास आडोसा मिळेल आणि एकाची नजर दुसऱ्यावर सदैव पडणार नाही. जोडीने अंडी घातली, तर इतरांस काही काळ निराळे ठेवावे.

भांडण बहुधा सारख्याशी होते. थायलंडकडील फायटर जातीचे दोन नर एका पाण्यात कधीच ठेवू नयेत. लांब, रंगीत शेपटीचा गप्पीही त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. पेटी ऐसपैस असेल, तर तळाशी फिरणारे कोरीडोरास त्याला चालतात. लहान भांड्यात तो एकटाच बरा. टायगर बार्बची रीत वेगळी. दोघे-तिघेच असले तर ते इतरांचे पर कुरतडतात. आठ-दहा असले म्हणजे आपापसांतच झोंबून मोकळे होतात. तरीही एंजलसारखा संथ, लांब परांचा मासा त्यांच्यात सोडू नये. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने संकर करून बनविलेला मासा. त्याला सोबत शोधू नये, हेच उत्तम.

एकदा जमलेला शेजार सर्वकाळ टिकतोच असेही नाही. गोव्याच्या खाडीतला कालुंदर आमच्या वाचकांस ताटातून परिचित आहे. त्याच्याच कुळातील एक लहान नारिंगी मासा आहे. श्रीलंकेत अभ्यासकांनी असे पाहिले, की या नारिंगी माशाची पिले कालुंदराच्या अंगावरील बांडगुळी किडे टिपून त्याची सेवा करतात. पण हाच नारिंगी मासा कालुंदराची अंडी आणि पिले खातो. शेजाऱ्याची पारख ऋतू पाहून करावी लागते, ती अशी.

नवा मासा आणल्यावर दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे रोग असल्यास कळतो. पेटीत सोडताना आतले दगड हलवून नव्याने मांडावेत. त्यामुळे जुन्या धन्याची हद्द मोडते. आधी खाऊ घालावे, दिवा मालवावा आणि मग सोडावे. पुढे काही दिवस लक्ष ठेवावे. पर फाटले, मासा कोपरा धरून बसला, खाणे सुटले, तर विलंब न लावता वेगळा करावा.

आणि नकोसा झालेला मासा दया म्हणून नदीत किंवा विहिरीत मुळीच सोडू नये. तिलापिया 1952 साली आपल्या देशात आणला गेला आणि आज तो कितीतरी तळ्यांत देशी माशांच्या उरावर बसला आहे. आफ्रिकी मांगूर पाळण्यास 2000 साली बंदी घालावी लागली. आमच्या पेटीची अडचण कोळ्याच्या जाळ्यात लोटणे, हा धर्म नव्हे.

असो. आमचा ऑस्कर आता चार फुटी पेटीत दोन वाढलेल्या सिल्व्हर डॉलर माशांबरोबर राहतो. नवे गप्पी परसातल्या हौदात डासांच्या अळ्या खाऊन सुखी आहेत. धाकटी दोघांनाही खाऊ घालते.

पदुआच्या संत अंतोनीची आख्यायिका आमच्या घराघरांत ठाऊक आहे. रिमिनी शहरी माणसे ऐकेनात, तेव्हा संताने माशांस उपदेश केला. त्या वेळी लहान मासे काठाजवळ, मधले त्यांच्या मागे आणि मोठे खोल पाण्यात, असे सारे शांतपणे उभे राहिले म्हणतात. येत्या 13 जूनला संताचा सण साजरा करताना वाचकांनी घरच्या पेटीकडे एकवार पाहावे. तेथे प्रत्येकास त्याची जागा मिळाली आहे ना, हे पाहणे आपल्याच हाती आहे.