राज्यघटनेचे कारकून आणि अर्जदार

भारतीय राज्यघटनेच्या इतिहासावर २०१८ पासून इंग्रजीत जे महत्त्वाचे ग्रंथ प्रसिद्ध झाले, त्यांतील काहींनी अभ्यासाचा रोख संविधान सभेच्या सभागृहाकडून सचिवालयांतील फायलींकडे आणि न्यायालयांच्या दप्तरखान्यांकडे वळवला आहे. ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांच्या १९६६ सालच्या ग्रंथाने रूढ केलेल्या मांडणीत घटना ही मुख्यतः नेहरू, पटेल, राजेंद्रप्रसाद, आझाद आदी नेत्यांची आणि मसुदा समितीची निर्मिती ठरते. मराठीतील घटनाविषयक लेखन बहुतांशी डॉ. आंबेडकरांच्या कर्तृत्वाभोवती फिरते आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात खुद्द आंबेडकरांनी घटना सल्लागार बेनेगल नरसिंह राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना मनमोकळेपणाने श्रेय दिले होते, याचा उल्लेख मराठीत क्वचितच होतो.

हैफा विद्यापीठातील इतिहासकार ओर्नित शानी यांचा ‘हाऊ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक’ (२०१८) हा ग्रंथ याच पडद्यामागच्या यंत्रणेचा आहे. ब्रिटिश काळातील १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मालमत्ता, करभरणा व शिक्षण यांच्या अटींवर सुमारे ३ कोटी लोकांना मत दिले होते, तर स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदारयादीत १७ कोटींहून अधिक नावे आली. प्रौढ मताधिकार, म्हणजे मालमत्ता वा शिक्षणाची अट न घालता प्रत्येक सज्ञान नागरिकाला मत, हे तत्त्व घटना संमत होण्याआधीच अमलात येऊ लागले होते, हा शानी यांचा मुख्य शोध. संविधान सभेच्या सचिवालयाने मार्च १९४८ मध्ये प्रांतांना आणि संस्थानांना याद्या तयार करण्याच्या सूचना पाठवल्या, तेव्हा निवडणूक आयोग अस्तित्वात यायला जवळजवळ दोन वर्षे बाकी होती. एका ठिकाणी किमान १८० दिवसांचे वास्तव्य ही अट होती, पण फाळणीने उखडलेल्या निर्वासिताला ती पुरी करता येणे शक्य नव्हते. तेव्हा येथे कायम राहण्याचा इरादा असल्याचे त्याचे निवेदन पुरेसे मानून नाव नोंदवावे, असे सचिवालयाने ठरवले. आसामसारख्या प्रांतात स्थानिक अधिकाऱ्यांनी निर्वासितांच्या नोंदणीत अडथळे आणले, तेव्हा नागरिकांच्या संघटनांनी अजून मसुद्यातच असलेल्या कलमांचा हवाला देत दिल्लीला पत्रे धाडली. या पत्रव्यवहाराचे शानी यांनी केलेले वाचन हा ग्रंथाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. यंत्रणेच्या मर्यादाही दिसतात: स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको किंवा तमक्याची मुलगी एवढीच ओळख दिलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे पहिल्या निवडणुकीपूर्वी यादीतून वगळावी लागली. २०२५ मध्ये बिहारच्या मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले आणि प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे आली नाहीत, तेव्हा कागदपत्रांवरून वाद उठला; तो पाहताना, ज्यांनी हा ग्रंथ वाचला असेल, त्यांना १९४८ चे कारकून संशयाचा फायदा कोणाला देत होते, हा प्रश्न टाळता येणार नाही.

रोहित दे यांच्या ‘अ पीपल्स कॉन्स्टिट्यूशन’ (२०१८) या ग्रंथात कारकुनाच्या जागी अर्जदार येतो. रिट अर्ज, म्हणजे मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास थेट उच्च वा सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचे साधन, हे १९५० नंतर कोणी वापरले, याचा माग दे यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या दप्तरात काढला. उत्तर प्रदेशातील जलालाबादचा भाजीविक्रेता मोहम्मद यासीन नगर समितीच्या घाऊक बाजाराच्या नियमांविरुद्ध गेला आणि १९५२ मध्ये जिंकला. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याला फ्राम बलसारा या पारशी गृहस्थांनी आव्हान दिले, तेव्हा त्यांच्या मागणीत व्हिस्कीबरोबर ओ-द-कोलोनचाही समावेश होता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बव्हंशी टिकवला, पण मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांच्यावरील बंदी रद्द केली. १९५८ मध्ये अलाहाबादच्या हुस्नाबाई या वेश्येने आपल्या व्यवसायावरील कायद्याला घटनेच्या आधारे हरकत घेतली, आणि त्याच वर्षी कुरेशी समाजाचा गोवधबंदीविरुद्धचा खटला निकाली निघाला. राज्यसंस्थेच्या सुधारणावादाचा जाच ज्यांना सोसावा लागला, त्या अल्पसंख्याकांनी व बदनाम ठरवलेल्यांनीच घटनेला दैनंदिन वापरात आणले, असा दे यांचा निष्कर्ष आहे. तो पटण्याजोगा असला, तरी शीर्षकातला ‘पीपल्स’ हा शब्द थोडा सैल वाटतो, कारण वकिलाची फी किंवा पाठीशी जमात असल्याखेरीज दिल्ली गाठता येत नव्हती, आणि भूमिहीन शेतमजूर या ग्रंथातील प्रमुख खटल्यांत कुठेच नाही.

माधव खोसला यांचा ‘इंडियाज फाउंडिंग मोमेंट’ (२०२०) पुन्हा सभागृहात जातो. तपशीलवार लेखी नियम, बलवान केंद्रसत्ता आणि जमातीऐवजी व्यक्तीला प्रतिनिधित्वाचे एकक मानणे, या तीन मार्गांनी लोकशाहीची सवय नसलेल्या समाजाला लोकशाही शिकवण्याचा घटनाकारांचा प्रयत्न होता, असे ते म्हणतात. याला उलट बाजूने छेद देणारा अर्घ्य सेनगुप्ता यांचा ‘द कलोनियल कॉन्स्टिट्यूशन’ (२०२३) केंद्रसत्तेच्या याच बळात वसाहतवादी राज्ययंत्रणेचा वारसा पाहतो. १९३५ च्या कायद्यातून आलेली कलमे मोजली तर त्यांचे म्हणणे खोडणे अवघड जाते, मात्र शानी यांनी दाखवलेली मतदारयादी त्या कायद्यात बसत नाही.

शानी आणि दे यांनी मिळून लिहिलेला ‘असेम्ब्लिंग इंडियाज कॉन्स्टिट्यूशन’ (२०२५) हा ग्रंथ घटनानिर्मितीच दिल्लीबाहेर पसरवतो आणि संस्थाने, आदिवासी, न्यायाधीश व सामान्य पत्रलेखक यांना तिच्यात सामील करून घेतो. मराठी वाचकाला येथे औंध संस्थान आठवेल, जेथे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये प्रजेच्या हाती सत्ता देणारी घटना लागू केली आणि ग्रामपंचायतीला राज्यकारभाराचा पाया मानले. औंध ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला आंबेडकरांनी खेडे हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर असल्याचे सांगत घटनेचे एकक व्यक्तीच असावे, हे ठामपणे मांडले. पंचायतींचा उल्लेख पुढे ४० व्या कलमात, न्यायालयातून बजावून घेता न येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत, तेवढा आला. घटनेच्या निर्मात्यांची यादी वाढवताना त्यांच्यापैकी कोणाचे म्हणणे प्रत्यक्ष कलमात उतरले आणि कोणाचे बाहेर राहिले, याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.