काजव्याच्या उजेडामागील रासायनिक दूत

वळवाच्या सरी पडून गेल्या, मृग जवळ आला, की रत्नागिरी परिसरातील झाडांवर काजवे लुकलुकू लागतात. हा उजेड कोणाच्या आज्ञेने लागतो, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

काजव्याच्या पोटाच्या टोकाशी प्रकाशपेशी असतात. त्यांतील ल्युसिफेरिन या द्रव्याचा ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिजनशी संयोग झाला, की उजेड पडतो. वेळ मेंदू ठरवतो. परंतु त्याचा निरोप प्रकाशपेशींच्या दारी पोहोचवते ते ऑक्टोपामाइन हे जैविक अमाइन. मज्जातंतूंच्या टोकांतून ते पाझरते, तेव्हा काजवा चमकतो.

हे द्रव्य १९४८ साली इटालियन शास्त्रज्ञ एर्स्पामेर यांना ऑक्टोपसच्या लाळग्रंथींत प्रथम आढळले. म्हणून हे नाव. टायरोसिन या अमिनो आम्लापासून टायरामाइन व त्यापासून ऑक्टोपामाइन बनते. संकटसमयी माणसाच्या शरीरात नॉरअॅड्रेनालिन जे कार्य करते, तेच कीटकांत बहुतांशी ऑक्टोपामाइन करते. ते टोळाच्या स्नायूंना उड्डाणासाठी सज्ज करते. मधमाशीला गंध आणि मध यांचे नाते शिकवते. डोपामाइन व सेरोटोनिन ही अमाइने तर कीटक आणि माणूस या दोघांतही आहेत.

काजव्याची लुकलुक ही नर-मादीची परस्परांना साद असते. भोवती प्रखर दिवे जळत असतील, तर शरीरातील निरोप पोहोचूनही ही साद जोडीदाराला दिसत नाही आणि पुढची पिढी रोडावते. म्हणून माजी विद्यार्थी व पालक यांना आमची विनंती आहे, की त्या दिवसांत अंगणातील अनावश्यक दिवे मालवावेत.