टोमॅटोच्या पानांवरील लव : झाडाचे स्वतःचे कीडसंरक्षण

'टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली' या विषाणूच्या नावात राजधानी असली, तरी त्याचा प्रसार करणारी पांढरी माशी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनाही चांगलीच परिचित आहे. माशीने काही काळ रस शोषला तरी विषाणू झाडात शिरतो. फवारणीने ती नंतर मेली, तरी नुकसान टळत नाही. म्हणून तिला पानावर टिकूच न देणारे वाण हवे.

हा गुण टोमॅटोच्या वन्य प्रजातींत आढळतो. सोलॅनम पेनेलीच्या ग्रंथियुक्त लवेतून चिकट ॲसिल शर्करा स्रवतात. त्यामुळे पांढरी माशी व कोळी यांना पानावर स्थिरावता येत नाही. सोलॅनम हॅब्रोकायटिसच्या काही प्रकारांतील २-ट्रायडेकॅनोन हे द्रव्य अनेक किडींना विषारी ठरते.

मात्र संकरात लहान, हिरव्या फळांसारखे अनिष्ट गुणही उतरतात. त्यामुळे लागवडीच्या वाणाशी पुनःपुन्हा संकर करून, जनुकीय चिन्हकांच्या साहाय्याने योग्य रोपे निवडावी लागतात. दाट लव ट्रायकोग्रामासारख्या मित्रकीटकांनाही अडथळा करू शकते, हेही तपासावे लागते.

असे वाण आले, तरी रोपवाटिकेतील कीडरोधक जाळी व पिवळे चिकट सापळे सोडू नयेत. प्रतिकारक्षमता किडीला रोखते, नाहीशी करत नाही.