पुठ्ठ्याचं छोटं घर : नमुना मुलांनाच आखू द्या



कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याचं घर आपण सगळेच करून घेतो. मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा तयार नमुन्याच्या झेरॉक्स वाटल्या. मुलांनी कापलं, चिकटवलं, तासाभरात घरं तयार! मग सहज विचारलं, "छपराचा कागद घराच्या रुंदीपेक्षा मोठा का घेतला रे?" एकालाही सांगता आलं नाही. घर झालं होतं, शिकणं राहून गेलं होतं. म्हणून आता नमुना मुलंच आखतात.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिथूनच नई तालीमची वाटचाल सुरू झाली. हाताने काम करता करता त्यातूनच गणित, विज्ञान, भाषा शिकायची, हा तिचा गाभा. समुद्रपूरहून सेवाग्रामला सहल गेली की मुलं मातीच्या भिंतींची, कवेलूच्या छपराची बापू कुटी पाहतातच. तसंच साधं कवेलूचं घर आपण करूया.

साहित्य : ए-३ आकाराचा कागद, तेवढाच पातळ पुठ्ठा, जुना खोका, पट्टी, पेन्सिल, कात्री, संपलेली रिफिल, फेविकॉल.

प्रमाण : १ सेंमी म्हणजे खऱ्या घराचे ५० सेंमी. म्हणजे ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच भिंतींचं घर १२ × ८ × ६ सेंमीचं होईल. हा हिशोब मुलांनाच करू द्या.

कृती :

१. कागदावर चार भिंती एका ओळीत आखा : १२, ८, १२, ८ सेंमी. शेवटी चिकटवायला दीड सेंमीची पट्टी. एकूण ४१.५ सेंमी. ए-३ कागद ४२ सेंमी लांब असतो, त्यात बरोबर बसतं.

२. दोन्ही ८ सेंमीच्या भिंतींवर मधोमध ३ सेंमी उंचीचा त्रिकोण काढा. हे आढ्याचं टोक. वरच्या आणि खालच्या सगळ्या कडांना १ सेंमीच्या पट्ट्या ठेवा, त्यांची टोकं तिरपी कापा.

३. नमुना पुठ्ठ्यावर उतरवून कापा. दारं-खिडक्या घडी घालण्याआधीच कापायच्या. ब्लेड मोठ्यांनीच हातात घ्यावं.

४. घडीच्या रेषेवर पट्टी धरून रिफिल दाबून ओढा. असं केलं नाही तर पुठ्ठा वेडावाकडा मोडतो. मग भिंती उभ्या करून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा.

५. आता छप्पर. इथे घाई करू नका. "एका बाजूचं पाखं किती रुंद घ्यायचं?" असं विचारा. बहुतेक मुलं म्हणतील, "रुंदीच्या निम्मं, ४ सेंमी." कापू द्या. ठेवून पाहिलं की कळतं, ४ आणि ४ मिळून ८, छप्पर सपाटच! मधे वर उचललं की दोन्हीकडे कमी पडतं. मग त्रिकोणाच्या तिरप्या कडेवर पट्टी ठेवायला सांगा : ५ सेंमी. सातवीची मुलं असतील तर ३, ४, ५ पाहून पायथागोरस स्वतःच ओळखतील.

६. कडेला दीड सेंमी वळचण धरली की एक पाखं ६.५ आणि दोन्ही मिळून १३ सेंमी. लांबी १२, अधिक दोन्हीकडे एकेक, म्हणजे १४. वळचण कशाला? पावसाचं पाणी मातीच्या भिंतीवर येऊ नये म्हणून. घरच्या आजोबांना विचारायला सांगा, ते आणखी सांगतील.

७. छप्पर खोक्याच्या पुठ्ठ्याचं करा. वरचा कागद किंचित ओला करून सोला, आतल्या लाटा कवेलूसारख्या दिसतात. मात्र लाटा आढ्याकडून वळचणीकडे उतरत्या हव्यात. आडव्या लावल्या तर काय होईल, तेही मुलांनाच विचारा. पाणी अडेल, हे ती लगेच सांगतात.

पालकांना एक विनंती. घरी करताना छप्पर चुकलं तर लगेच हातातून घेऊन नीट करून देऊ नका. दोन रुपयांचा पुठ्ठा वाया जाईल, जाऊ द्या. त्या चुकलेल्या ४ सेंमीच्या पाख्यातच खरा धडा आहे. प्रदर्शनात घर थोडं वाकडं दिसेल, पण "असंच का?" असं कुणी विचारलं तर तुमचं मूल उत्तर देईल.

करून पाहा!